घरगल्ली, उंदीर आणि रुंद रस्ते

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ताप येऊन, जांघेत गाठी उठून माणसं मरू लागली. हा प्लेग आहे हे ओळखलं गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. रोगानं मांडवीच गाठावी यात नवल नव्हतं. शेजारी गोदी, खाली धान्याची गोदामं, वरच्या माड्यांवर दाटीवाटीनं राहणारी बिऱ्हाडं. पोत्यांवर उंदीर पोसले जात आणि उंदरांच्या अंगावर पिसवा.

या वस्तीची रचना समजायची तर घरगल्लीत शिरायला हवं. दोन घरांच्या पाठींमध्ये सोडलेला तो चिंचोळा बोळ. टोपलीच्या संडासांतला मैला सफाई कामगार याच वाटेनं उचलून नेत. मोऱ्यांचं सांडपाणी इथेच यायचं, वरच्या मजल्यांवरून कचराही इथेच पडायचा. आतल्या खोल्यांना खिडक्या असल्याच तर त्या या बोळात उघडायच्या, म्हणून त्या बहुधा बंदच. दिवसाही दिवा लावावा लागे अशा खोल्यांत गिरणी कामगारांची आणि हमालांची कुटुंबं भाडं भरून राहत होती.

पालिकेनं गटारांत कार्बोलिक ओतलं, घरं धुतली, आजाऱ्यांना उचलून इस्पितळात नेलं. लोक भेदरले. काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई गाव सोडून गेली. आगगाडीनं माणसं निघाली आणि लोहमार्गानं जोडलेल्या गावांत प्लेगही पोहोचला. पुण्यात त्यानं काय हाहाकार केला, हे तिथले प्लेग अधिकारी रँड यांच्या १८९७च्या वधामुळे सर्वांना ठाऊक आहे. प्लेगग्रस्त मुलाला उपचारासाठी नेताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या, ही गोष्टही तितक्याच वेळा सांगितली जायला हवी.

१८९८ साली दोन गोष्टी घडल्या. कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो असं प्रयोगानं दाखवलं. त्यांचं म्हणणं मान्य व्हायला पुढं काही वर्षं लागली. इकडे मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट हवा आणि अंधार हेच रोगाचं मूळ, या समजुतीवर त्याचे आराखडे उभे होते. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले गेले. मोहम्मद अली रोड म्हणून आज ओळखला जाणारा रस्ताही ट्रस्टचाच. नागपाड्यात घरं पाडून नव्यानं आखणी झाली.

रस्ते झाले, पण उठवलेली माणसं कुठं गेली? गोदी आणि गिरणी जवळ हवी, म्हणून त्यांतली बरीचशी शेजारच्याच गल्ल्यांत शिरली आणि तिथली गर्दी आणखी वाढली. ट्रस्टची ही सर्वांत मोठी चूक. गरिबाचं घर आधी पाडायचं आणि पर्यायी घराचं नंतर बघायचं, ही रीत रोगाला हटवत नाही, फक्त पुढच्या गल्लीत ढकलते.

ट्रस्टच्या खात्यावर चांगलं कामही आहे. बीआयटी चाळी त्यानंच बांधल्या. परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. दादर-माटुंग्याची आखणी, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा, इमारतींमधली मोकळी जागा, हे सारं त्याच काळातलं. मात्र तिथं घर घेणं मांडवीच्या हमालाला परवडणारं नव्हतं. ट्रस्टचे अधिकारी जे. पी. ऑर यांनी खोलीत उजेड यावा म्हणून समोरच्या इमारतीची उंची आणि अंतर यांना साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावला. प्लेगच्या उंदरांवर हा उपाय नव्हता. क्षयासाठी मात्र उजेड आणि वाहती हवा खरोखर मोलाची.

तो नियम पुढं मुंबईच्या कामी आला नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये झोपडपट्टीतून हलवलेल्या कुटुंबांसाठी सात मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यामध्ये जेमतेम ३ मीटर अंतर ठेवून. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऊन न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण अधिक आढळले.