थर्मोस्टॅटचे कूळ

हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 साली अमेरिकेत 864 अणूंचा द्रव आर्गॉन संगणकावर उभा केला. तापमान होते 94.4 केल्विन. अणूंचे वेग कळले की त्यांच्या गतिज ऊर्जेच्या सरासरीवरून तापमान निघते. पण नुसत्या न्यूटनच्या नियमांनी चालणाऱ्या अणूंची एकूण ऊर्जा कायम राहते आणि तापमान जिथे स्थिरावेल तिथे स्थिरावते. परीक्षानळीतला द्रव भोवतालाशी उष्णतेची देवघेव करतो. संगणकातल्या या अणूंना भोवतालच नसतो. तो निर्माण करायचा कसा? या कामासाठीच्या युक्तीला थर्मोस्टॅट म्हणतात.

सुरुवातीचा उपाय सरळ होता: तापमान चढले किंवा उतरले की सगळ्या वेगांना एकाच संख्येने गुणायचे. आकडा जागेवर येई, पण खिळल्यासारखा. भोवतालाशी जोडलेल्या 864 अणूंचे तापमान साधारण अडीच केल्विनने खालीवर व्हायलाच हवे. हा चढउतार म्हणजे मोजमापातली चूक नव्हे, तो निसर्गाचाच हिशेब आहे.

1980 मध्ये हान्स अँडरसन यांनी मधूनच एखादा अणू निवडून त्याला हव्या त्या तापमानाला साजेशा वेग-वितरणातला नवा वेग द्यायची युक्ती काढली. चढउतार बरोबर आले, पण अणूंची सलग चाल तुटली. ते द्रवात किती वेगाने पसरतात, हे आता नीट सांगता येईना.

1984 मध्ये दोन वाटा फुटल्या. नेदरलँड्सच्या बेरेंडसेन यांनी तापमान हळूहळू ठरल्या आकड्याकडे ओढले. पद्धत सोपी म्हणून लोकप्रिय झाली, पण ती चढउतार दाबते. काही वेळा तर रेणूंची आतली कंपने थिजतात आणि सगळा गठ्ठाच एका दिशेने वाहत सुटतो. अभ्यासक याला ‘उडता बर्फाचा ठोकळा’ म्हणतात. जपानच्या शुइची नोसे यांनी मात्र भोवतालच समीकरणात आणला, स्वतःचे जडत्व असलेले एक जादा चलपद म्हणून. पुढच्या वर्षी विल्यम हूवर यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले: अणू तापले की घर्षण त्यांना आवरते, निवले की तेच घर्षण उलटे होऊन त्यांना ढकलते.

2007 मध्ये बुसी, डोनाडिओ आणि पारिनेल्लो यांनी जुना गुणाकारच पुन्हा हाती घेतला, पण दरवेळी गाठायचा आकडा योग्य वितरणातून यादृच्छिकपणे निवडून. पहिल्या उपायातली उणीव त्याच उपायाच्या चौकटीत भरून निघाली.

आज प्रथिनाला औषधाचा रेणू कसा चिकटतो, हे अशाच गणितांतून तपासले जाते. म्हणून निष्कर्ष वाचताना तापमान किती होते एवढे विचारून भागत नाही. ते कोणत्या रीतीने राखले, हेही विचारलेच पाहिजे.