फास्टर फेणेचे वय

कुमारांसाठी लिहिलेल्या कथामालिकेच्या नायकाला एक सवलत असते : त्याला मोठे व्हावे लागत नाही. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी बनेश फेणेला ही सवलत वीसेक पुस्तके उपभोगू दिली. मूळचा फुरसुंगीचा आणि पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा हा पाप्याचे पितर म्हणावा असा मुलगा कधी प्रतापगडावर जातो, कधी चक्रीवादळात सापडतो, कधी गुलमर्गचे गूढ उकलतो, तर कधी विमानचोराशी झुंजतो. परतला की मात्र पुन्हा सायकलीवर टांग टाकणारा शाळकरी पोरच असतो. प्रत्येक पुस्तकातील साहसाला शेवट आहे, पण त्याच्या वयाला तो नाही. १९५१ साली ‘बालमित्र’ सुरू करणाऱ्या आणि ज्यूल व्हर्नला मराठीत आणणाऱ्या या लेखकाने व्हर्नच्या प्रौढ संशोधकांचा अधिकारच जणू एका शाळकरी मुलाच्या हाती दिला. स्वातंत्र्योत्तर काळातील मध्यमवर्गीय मराठी वाचकाला तो विश्वासार्ह वाटला, यामागे त्या काळाची एक श्रद्धा उभी होती. जग धोक्याचे असले तरी शाळा, घर आणि पोलीसचौकी यांचा पाया भक्कम आहे. मुलाने खरे बोलावे, वडीलधारे आज ना उद्या ऐकतील, अशी ती श्रद्धा होय.

पुस्तकातील मुलाला जन्मतारीख नसते. नटाला ती असते. दृश्य माध्यमातील रूपांतराची अडचण इथून सुरू होते. १९८७ साली दूरदर्शनवरील मालिकेत सुमीत राघवन फेणे झाला तेव्हा तोही किशोरवयीनच होता आणि भागवत हयात होते. त्या रूपांतराला वयाचा प्रश्न पडला नाही. आदित्य सरपोतदार यांचा ‘फास्टर फेणे’ २०१७ साली आला तो लेखकाच्या निधनानंतर सोळा वर्षांनी, आणि त्यात फेणेची भूमिका तिशीच्या उंबरठ्यावरील अमेय वाघ याने केली. (वाघच्या अभिनयातील चपळाईबद्दल तक्रारीला जागा नाही, प्रश्न नटाचा नव्हेच.) चित्रपटातील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला येतो. परीक्षेच्या निमित्ताने भेटलेल्या एका मुलाचा मृत्यू आत्महत्या ठरवला जातो, तो त्याला पटत नाही, आणि शोध घेता घेता तो परीक्षेतील गैरव्यवहाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो.

या कथानकाला केवळ ‘आधुनिकीकरण’ म्हणून चालणार नाही. भागवतांच्या कथांत शाळा हे साहसाचे प्रस्थानस्थान आहे. संकट बाहेर असते, सुट्टीत असते, प्रवासात असते. चित्रपटाने हे संकट परीक्षागृहातच आणून बसवले. मूळ मालिकेत जिथे परत यायचे ती जागाच येथे नासलेली आहे. मध्य प्रदेशातील ‘व्यापम’ प्रकरण २०१३ साली उघडकीस आल्यानंतरच्या प्रेक्षकाला हे अतिरंजित वाटण्याचे कारण नव्हते. गिरीश कुलकर्णी यांचा अप्पा भयावह वाटतो तो याचसाठी. तो कुठल्या गुहेतला तस्कर नाही. पालकांना आणि विद्यार्थ्यांना हव्याशा वाटणाऱ्या वस्तूचा तो व्यापारी आहे. रूपांतराने मूळ कृतीशी प्रामाणिक राहावे, ही मागणी येथे अपुरी ठरते. कारण भागवतांच्या कथांमागील श्रद्धेशी प्रामाणिक राहायचे, तर २०१७ च्या पुण्याशी अप्रामाणिक व्हावे लागले असते.

मात्र त्या श्रद्धेचा वियोग चित्रपटाला सहन होत नाही, आणि याची खूण म्हणजे त्यातील एक पात्र. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेल्या या वृद्ध गृहस्थाचे नावच भा. रा. भागवत आहे. निर्माता आपल्या निर्मितीला छप्पर देतो, ही कल्पना लोभस खरीच. परंतु ती कोणासाठी आहे? ज्याने ही पुस्तके वाचलेली नाहीत त्या दहा वर्षांच्या मुलाला हा एक प्रेमळ आजोबा दिसेल. ज्याने ती सुट्टीत फडशा पाडून वाचली होती त्या पन्नाशीच्या प्रेक्षकाचा कंठ दाटून येईल. चित्रपट आपला प्रेक्षक येथे निवडतो. त्याचा खरा नायक फेणे नव्हे, फेणेचा एकेकाळचा वाचक आहे. ‘ट्टॉक्’ हा आवाजही त्या वाचकाला खूण पटावी म्हणूनच येतो.

बंगालीत सत्यजित राय यांनी आपल्याच फेलूदाकथेवरून ‘सोनार केल्ला’ (१९७४) काढला तेव्हा त्यांनी रहस्यकथेचा कणाच बदलला : खलनायक कोण हे पुस्तकात अखेरीस कळते, चित्रपटात प्रेक्षकाला ते आरंभीच ठाऊक होते. एवढे स्वातंत्र्य घेऊनही त्या चित्रपटाला स्मरणरंजनाचा आधार घ्यावा लागला नाही. फेलूदा तेव्हा लिहिला जात होता, आणि ज्या ‘संदेश’ मासिकात तो १९६५ साली प्रथम अवतरला त्याचे बालवाचकही हयात पिढी म्हणून समोर बसलेले होते. मराठीत चित्रपट आला तेव्हा मालिका पूर्ण होऊन बराच काळ लोटला होता.

चित्रपटात खरे लहान मूल एकच ठळकपणे दिसते : शुभम मोरेने रंगवलेला भूभू. धिटाई, हजरजबाबीपणा, मोठ्यांच्या जगात बेधडक घुसण्याची हातोटी हे फेणेचे मूळ गुण त्याच्याकडे आहेत. कथा मात्र त्याची नाही. तो मोठ्या झालेल्या फेणेचा मदतनीस आहे.