अनुशेषाचा पैसा

* अनुशेषाचा पैसा : राज्याच्या सरासरीमागे पडलेल्या जिल्ह्यांची तूट भरून काढण्यासाठी अंदाजपत्रकात वेगळा राखलेला निधी. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४च्या अहवालात मराठवाड्याची तूट सुमारे ७५१ कोटी रुपये मोजली. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य सगळे त्यात आले. मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरल्यावर, घटनेच्या कलम ३७१(२)खाली १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळ औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) आले. मात्र निधीवाटपाचे निर्देश राज्यपालांनी द्यायचे, मंडळाने फक्त शिफारस करायची. खरे दुखणे हेच, असे आम्हांला वाटते. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळाची मुदत संपली. – संपा.