संदर्भ लेख : सत्तांतर होऊनही स्वतंत्र राहिलेले हाँगकाँगचे हवाई करार

बेंगळुरू : येथील केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावरून हाँगकाँगला जाणारे विमान चीनच्या सार्वभौमत्वाखालील प्रदेशात उतरते. मात्र त्या सेवेचा हक्क भारत-चीन हवाई करारातून येत नाही. भारत आणि हाँगकाँग यांच्यात १९९६ मध्ये झालेल्या स्वतंत्र करारातून येतो. त्या वेळी हाँगकाँग ब्रिटिशांच्या ताब्यात होते.

करारांची गरज

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे आपल्या आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व असते. त्यामुळे नियमित आंतरराष्ट्रीय सेवेस संबंधित राष्ट्राची परवानगी लागते आणि ती प्रामुख्याने द्विपक्षीय करारांद्वारे दिली जाते. हाँगकाँगचे हवाई हक्क ब्रिटनने केलेल्या करारांत समाविष्ट होते. ब्रिटिश सत्ता संपताच त्या करारांचा हाँगकाँगपुरता आधार नाहीसा होणार होता.

सत्तांतरापूर्वीची तयारी

१९ डिसेंबर १९८४ रोजी बीजिंग येथे झालेल्या चीन-ब्रिटन संयुक्त घोषणेत नागरी विमान वाहतुकीची स्वतंत्र तरतूद करण्यात आली. त्यानुसार हाँगकाँगने इतर देशांशी स्वतःच्या नावाने करार करावयाचे होते. त्यांच्या मसुद्यांवर दोन्ही देशांच्या संयुक्त संपर्क गटात सहमती होणे आवश्यक होते. असा पहिला करार सप्टेंबर १९८६ मध्ये नेदरलँड्सशी झाला. अमेरिकेशी करार होण्यास एप्रिल १९९७ उजाडला. सत्तांतरानंतर, त्याच वर्षी जुलैमध्ये, खुद्द ब्रिटननेही हाँगकाँगशी स्वतंत्र करार केला.

मालकीचा पेच

रूढ करारांनुसार विमान कंपनीची भरीव मालकी व परिणामकारक नियंत्रण करार करणाऱ्या देशाच्या नागरिकांकडे असावे लागते. हाँगकाँगची प्रमुख कंपनी कॅथे पॅसिफिक ही ब्रिटिश स्वायर समूहाच्या नियंत्रणाखाली होती. जुनी अट कायम राहिली असती, तर १ जुलै १९९७ नंतर तिच्या पात्रतेवर प्रश्नचिन्ह उभे राहिले असते. म्हणून मालकीऐवजी कंपनीची नोंदणी आणि मुख्य व्यवसायस्थान हाँगकाँगमध्ये असणे, हा निकष स्वीकारण्यात आला.

अधिकारांची सीमा

१९९० मध्ये संमत झालेल्या हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यातील १३३ व्या कलमानुसार, चीनच्या केंद्र सरकारने विशिष्ट अधिकार दिल्यास हाँगकाँग सरकार हवाई करार करू शकते, तसेच त्यांचे नूतनीकरण व दुरुस्ती करू शकते. चीनच्या अन्य भागांतून हाँगकाँगमार्गे परदेशी जाणाऱ्या सेवांचे करार मात्र केंद्र सरकारच करते. पोर्तुगालने १९९९ मध्ये चीनकडे सुपूर्द केलेल्या मकावसाठीही अशीच व्यवस्था आहे. याउलट, पोर्तुगालच्याच ताब्यातील गोव्यात डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईने सत्तांतर झाले. तेथे वाटाघाटींना वाव नव्हता आणि पोर्तुगीज भारताच्या स्वतंत्र विमान कंपनीची गोव्यातील सेवा तेव्हाच संपली.

प्रवाशांसाठी महत्त्व

भारत आणि चीनची मुख्य भूमी यांच्यातील थेट प्रवासी विमानसेवा २०२० मध्ये महासाथीमुळे बंद झाली. पुढे सीमेवरील तणावामुळे ती रखडली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. कॅथे पॅसिफिकची बेंगळुरू-हाँगकाँग सेवा मात्र २०२३ मध्येच पूर्ववत झाली होती. करार वेगळा असल्याने हाँगकाँगचा मार्ग मुख्य भूमीच्या मार्गांवर अवलंबून राहिला नाही.