रानपिंगळा आणि हिममानव

हिमालयांतील हिममानवावर विश्वास ठेवणाऱ्यास घरचे व स्नेही हंसतात. पण न दिसणारा प्राणी खोटाच असतो असें नाहीं. रानपिंगळा हें लहान घुबड १८८४ मध्यें खानदेशांत जेम्स डेव्हिडसन यांनीं मिळविलें. पुढें तें लुप्त मानलें गेलें. रिचर्ड माइनर्टझहागेन यांनीं १९१४ मध्यें गुजराथेंत तें मिळाल्याचा दावा केला व शोधाची दिशा चुकविली. तो नमुना डेव्हिडसन यांचाच, चोरून पुन्हां भरलेला असल्याचें पामेला रासमुसेन यांनीं ताडलें. खऱ्या नोंदींच्या मागानें गेल्यावर त्यांना व सोबत्यांना नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. उलट हिममानवाचे म्हणविले जाणारे नऊ नमुने २०१७ मध्यें तपासले, तेव्हां आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. शंका फिटते ती आग्रहानें नव्हे, पुराव्यानें.