चरबी नाही, केमिकल नाही

इन्स्टाग्रामवर एखादा ‘हँडमेड’ साबण दोनदा उघडून पाहिला, की पुढचे चार दिवस फोन साबणच दाखवत राहतो. कडुनिंब, हळद, केशर, शेळीचं दूध. मी ती वर्णनं आवडीने वाचतो. जवळपास प्रत्येकात साबणात काय नाही याची यादी असते: पॅराबेन नाही, सल्फेट नाही, प्राण्यांची चरबी नाही आणि शेवटी ठसठशीत अक्षरांत, केमिकल नाही.

यातला चरबीचा मुद्दा आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो मुंबईतला आहे. त्या काळी विलायती साबणांत जनावरांची चरबी सर्रास असे. कुणाला गाईची चालत नव्हती, कुणाला डुकराची, कुणाला कुठलीच. लालबागला कुलपं बनवणारे अर्देशीर गोदरेज हे ओळखून होते. वकिलीत खोटं बोलावं लागेल म्हणून हा माणूस वकिली सोडून आलेला. 1918 साली त्यांनी वनस्पती तेलापासून केलेला साबण आणला. कुलूपवाल्याचा साबण, म्हणून नाव ‘चावी’. पुढे ‘नंबर 2’ आला आणि ‘नंबर 1’ त्याच्यानंतर. दोन नंबरचा एवढा चांगला, तर एक नंबरचा कसा असेल असं गिऱ्हाइकाला वाटावं, हा हिशोब! टागोरांनीही या साबणाची शिफारस केली. स्वदेशीच्या दिवसांत साबण निवडणं म्हणजे बाजू निवडणंही होतं.

‘चावी’ हा जगातला पहिला वनस्पतीजन्य साबण होता, असं कुठेकुठे लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही. सीरियातल्या अलेप्पोत ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा साबण कित्येक शतकं होत आलाय. पण अर्देशीर यांच्या साबणात काय आहे, हे तरी गिऱ्हाइकाला कळत होतं.

‘केमिकल नाही’ हे वाक्य मात्र मला पटत नाही. तेलात क्षार मिसळल्याशिवाय साबण होतच नाही. अलेप्पोत तो क्षार वनस्पतींच्या राखेतून यायचा, आज कॉस्टिक सोड्यातून येतो. घरी केलेल्या कोल्ड प्रोसेस साबणातही तोच असतो. तेलाशी त्याची प्रक्रिया होते, साबण आणि ग्लिसरीन तयार होतं आणि प्रमाण नीट असेल तर सोडा उरत नाही. मग वडी चार-सहा आठवडे वाळवायची. यात लपवण्यासारखं काहीच नाही, तरी लेबलवर ‘सोडियम कोकोएट’ किंवा ‘सॅपोनिफाइड खोबरेल’ असं लिहून सोड्याचं नाव टाळलं जातं. काही जण तर तयार साबणाचा बेस विकत आणून वितळवतात, रंग-सुगंध घालून साच्यात ओततात. हातानेच केलेला, हेही खरंच! म्हणून मागवण्याआधी मी मेसेज करून विचारतो: बेस विकतचा आहे का, आणि वडी कधी ओतली? खरंच साबण करणारी माणसं लगेच आणि भरभरून उत्तर देतात.

क्षार नकोच असेल तर आपल्याकडे रिठा आणि शिकेकाई होतीच. त्यांच्यात सॅपोनिन असतं, ते पाण्यात आपसूक फेसाळतं. रिठ्याच्या शास्त्रीय नावात, सॅपिंडसमध्ये, लॅटिन ‘सापो’ म्हणजे साबणच आहे. फेस बेताचा, वास काही खास नाही आणि डोळ्यांत गेलं तर सणसणीत झोंबतं. काष्ठौषधींच्या दुकानात तो अजून सुटा, वजनावर मिळतो.