लाड, भाऊ दाजी

(निधन : ३१ मे १८७४). एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे नामवंत डॉक्टर, कुष्ठरोगाचे चिकित्सक आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक. जन्म गोव्यातला, शिक्षण मुंबईत. काठियावाड-कच्छातील बालिकाहत्येवरच्या त्यांच्या निबंधाला तरुणपणीच बक्षीस मिळाले. एल्फिन्स्टन संस्थेतली शिक्षकी सोडून ते १८४५ मध्ये नव्यानेच निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि १८५१ मध्ये पहिल्या तुकडीतून पदवीधर होऊन बाहेर पडले.

पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांनी १८०१ पासून त्वचारोगांच्या अभ्यासाचा पाया घातला होता. मुंबईत तेव्हा असे वेगळे शास्त्र नव्हते. प्रसूतीपासून खरजेपर्यंत सारे एकाच डॉक्टरकडे येई. भाऊंनी बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

कुष्ठरोग त्या काळी बहुतेकांच्या लेखी आनुवंशिक आणि असाध्य होता. भाऊंनी त्यावर पश्चिम घाटातल्या कडू कवठाच्या बियांचे तेल वापरले. चिवट त्वचारोगांवरचे हे जुने घरगुती औषध. त्याने अनेक रुग्णांना उतार पडला, पण रोग कायमचा जातो का, यावर डॉक्टरांत मतभेद राहिले. शिवाय भाऊंनी औषध गुप्त ठेवले, त्यामुळे इतरांना त्याची पारख करता येईना. बंगालकडे त्याच कुळातल्या चालमोगऱ्याचे गुण ब्रिटिश डॉक्टर मुआट यांनी १८५४ मध्येच छापून जाहीर केले होते. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांना कुष्ठाचा जंतू दिसला १८७३ मध्ये, भाऊंच्या निधनाच्या आदल्या वर्षी. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ॲलिस बॉल यांनी चालमोगऱ्याचे तेल टोचण्याजोगे केले आणि १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर तेच उपचार चालले.

१८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते, तर १८६९ व १८७१ मध्ये मुंबईचे नगरपाल. अजिंठ्याचे आणि जुनागढचे शिलालेख त्यांनी वाचले, कालिदासाच्या काळावर लिहिले. १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात मात्र त्यांची मिळकत बुडाली.

औषधाची कृती वेळीच जाहीर केली असती, तर चालमोगऱ्याच्या इतिहासात मुआट यांच्या जोडीने त्यांचे नाव लागले असते. मुंबईकरांना मात्र ते माहीत आहेत भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयामुळे. या, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९७५ मध्ये त्याला त्यांचे नाव देण्यात आले.